शाळाबदलाचा एक अर्ज आणि पटावरची टक्केवारी : लुईव्हिलच्या प्राथमिक शाळांचे प्रकरण

ऑगस्ट २००२ मध्ये एक आई आपल्या लहान मुलासह अमेरिकेतील केंटकी राज्याच्या जेफरसन काउंटीत राहायला आली आणि मुलाचे नाव किंडरगार्टनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, घालण्यासाठी तिने तेथील सार्वजनिक शाळा मंडळाकडे अर्ज केला. लुईव्हिल हे या काउंटीचे मुख्य शहर. घराच्या पत्त्यावरून मुलाच्या वाट्याला येणारी शाळा एका मैलावर होती. पण त्या वर्षीच्या नेमणुका मे महिन्यातच उरकल्या होत्या आणि वर्ग भरलेला होता. मंडळाने त्याला यंग प्राथमिक शाळा नेमून दिली. ती घरापासून १० मैलांवर, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरवर होती. आईने शाळाबदलासाठी अर्ज करून ब्लूम ही प्राथमिक शाळा मागितली, जी पहिल्या शाळेप्रमाणेच एका मैलावर होती. ब्लूम वेगळ्या शाळागटात मोडत असली, तरी एका गटातून दुसऱ्या गटात जाण्याची मुभा नियमांत होती आणि ब्लूममध्ये जागाही शिल्लक होती. तरीही अर्ज नामंजूर झाला. या बदलामुळे यंग शाळेच्या वांशिक एकीकरणाच्या पूर्ततेवर प्रतिकूल परिणाम होईल, असे कारण मंडळाने दिले. मुलगा श्वेतवर्णीय होता.

या नकारातून उभा राहिलेला दावा २८ जून २००७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिएटलच्या तशाच एका दाव्यासोबत निकाली काढला आणि त्यानंतर देशभरातील शाळा मंडळांना प्रवेशाचे नियम नव्याने तपासावे लागले. कायद्याच्या अभ्यासकांनी या निकालावर विपुल लिहिले आहे. येथे मात्र तो शाळेच्या पटाच्या बाजूने पाहायचा आहे. पटसंख्या आणि पटावरील मुलांची सामाजिक रचना ही केवळ मोजून काढायची गोष्ट आहे, असा समज सर्रास आढळतो. लुईव्हिलचे प्रकरण दाखवते की हा पट घडवला जातो: वस्ती कशी वसली, हद्द कोठून आखली, कोणाचा बदल मंजूर झाला आणि बस कोणाच्या दारापर्यंत आली, यांवर तो ठरतो. तो घडवण्याची किंमत सर्वांवर सारखी पडत नाही, हा त्याहून महत्त्वाचा भाग आहे.

आधी नियम पाहू. २००१ मध्ये मंडळाने स्वेच्छेने स्वीकारलेल्या योजनेनुसार, खास अभ्यासक्रमाच्या मॅग्नेट शाळा वगळता प्रत्येक शाळेत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण किमान १५ टक्के आणि कमाल ५० टक्के असणे आवश्यक होते. मंडळाच्या शाळांत तेव्हा सुमारे ९७,००० विद्यार्थी होते आणि त्यांपैकी साधारण ३४ टक्के कृष्णवर्णीय होते. उरलेल्यांत बहुसंख्य श्वेतवर्णीय. प्राथमिक स्तरावर प्रत्येक मुलाला पत्त्यानुसार एक शाळा लागू होई आणि अशा शाळांचे गट केलेले असत. किंडरगार्टन व पहिलीतील मुलांच्या तसेच काउंटीत नव्याने आलेल्या मुलांच्या पालकांनी गटातील पहिल्या व दुसऱ्या पसंतीची शाळा कळवायची, मग उपलब्ध जागा आणि वांशिक मर्यादा पाहून मंडळ शाळा नेमून देई. एखादी शाळा मर्यादेच्या टोकाला पोहोचली असेल, तर तिचा तोल आणखी बिघडवणाऱ्या मुलाला तेथे जागा मिळत नसे. शाळाबदलाचे अर्जही याच कसोटीवर तपासले जात.

एका मुलाच्या जाण्याने टक्केवारीत किती फरक पडतो, हे मांडून पाहिल्याशिवाय दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट कळत नाही. समजा, एखाद्या शाळेच्या पटावर ५०० मुले आहेत आणि त्यांपैकी २४० कृष्णवर्णीय आहेत, म्हणजे ४८ टक्के. त्यातून एक श्वेतवर्णीय मूल दुसऱ्या शाळेत गेले, तर प्रमाण ४८.१ टक्के होते. कोणत्याही वर्गात, कोणत्याही शिक्षकाला हा फरक जाणवणार नाही. मात्र अशीच १०० मुले गेली, तर ४०० पैकी २४०, म्हणजे ६० टक्के, आणि शाळा मर्यादेच्या बरीच बाहेर जाते. शंभरातील प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे पाहिला, तर तो मंजूर करण्यात काहीच गैर दिसत नाही. पालक आपल्या एका मुलाचा विचार करतो आणि तो तसाच करणार. मंडळाला बेरजेचा विचार करावा लागतो. या दोन दृष्टींमधील अंतर कोणत्याही नियमाने पूर्णपणे मिटत नाही, आणि ते मिटल्याचा दावा करणाऱ्या योजनेकडे सावधपणेच पाहावे, असे माझे मत आहे.

बेरजेची ही भीती मंडळाने कल्पनेतून काढलेली नव्हती. लुईव्हिलने ती अनुभवली होती. केंटकीत १९०४ च्या डे कायद्याने कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांना एकत्र शिकवण्यास बंदी घातली होती. वस्त्याही वेगळ्या राहाव्यात म्हणून शहराने १९१४ मध्ये वंशानुसार घरांची विभागणी करणारा अध्यादेश काढला, जो सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये बुकॅनन विरुद्ध वॉर्ली या खटल्यात रद्द ठरवला. अध्यादेश गेला, पण घरविक्रीतील करार, कर्ज देण्याच्या पद्धती आणि प्रसंगी उघड हिंसा यांनी तेच काम चालू ठेवले. १९५४ मध्ये एका श्वेतवर्णीय जोडप्याने कृष्णवर्णीय कुटुंबासाठी लुईव्हिलच्या उपनगरात घर घेऊन दिले, तेव्हा त्या घरात स्फोट घडवण्यात आला. नववा रस्ता ओलांडला की सुरू होणारा शहराचा पश्चिम भाग प्रामुख्याने कृष्णवर्णीय होत गेला तो या साऱ्यातून. यंग शाळा याच पश्चिम भागात, मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचे नाव दिलेल्या रस्त्यावर आहे. केंटकीत जन्मलेले नागरी हक्क चळवळीतील नेते व्हिटनी यंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. ब्लूम शहराच्या पूर्वेकडील हायलँड्स भागात आहे. दोन्ही शाळांच्या पटांत फरक का पडत होता, याचे उत्तर शाळांच्या आत शोधून सापडणार नाही.

मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात वंशानुसार वेगळ्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर लुईव्हिल शहराने १९५६ मध्ये वंश न पाहता हद्दी आखल्या आणि ज्या पालकांना नेमलेली शाळा नको असेल त्यांना बदल मागण्याची मोकळीक दिली. योजना शांततेत पार पडली आणि तिचे देशभर कौतुकही झाले. पण पूर्वीच्या कृष्णवर्णीय शाळा नेमून मिळालेल्या बहुतेक श्वेतवर्णीय कुटुंबांनी बदल मागितला आणि तो मिळालाही. त्यामुळे हद्दी नव्या झाल्या तरी अनेक शाळांचे पट जवळपास जुनेच राहिले. सक्तीचा मागमूसही नसलेल्या, केवळ मंजूर अर्जांच्या बेरजेतून शाळा पुन्हा कशा विभागल्या जातात, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते. २००२ मधील तो अर्ज हातात घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मागे हा सारा इतिहास उभा होता.

१९७५ मध्ये शहर आणि काउंटीची शाळा मंडळे एक झाली आणि त्याच वर्षी न्यायाधीश जेम्स गॉर्डन यांनी एकीकरणाची सक्तीची योजना लागू केली. आदल्या वर्षी डेट्रॉईटच्या मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपनगरांतील स्वतंत्र मंडळांना शहराच्या योजनेत ओढण्यास जवळपास मनाई केली होती. लुईव्हिलमध्ये शहर आणि उपनगरे एकाच मंडळाखाली आल्यामुळे तेथे जे शक्य झाले ते डेट्रॉईटमध्ये शक्य झाले नाही. शाळेच्या पटावर सर्वांत खोल परिणाम करणारी गोष्ट बहुधा मंडळाची बाह्य हद्द हीच असते, आणि ती प्रवेशाच्या चर्चेत सहसा येतही नाही.

योजनेनुसार सुमारे २३,००० मुलांना आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून दूरच्या शाळांत बसने पाठवायचे होते. ४ सप्टेंबर १९७५ रोजी शाळा उघडल्या, तेव्हा मोठी निदर्शने व दंगल झाली आणि बसमध्ये नॅशनल गार्ड या राखीव दलाचे सैनिक बसवावे लागले. बसचा ताफा पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत धावावा लागेल, अशी ती आखणी होती. भार मात्र विषम होता. श्वेतवर्णीय मुलाला बारा वर्षांच्या शालेय आयुष्यात एक-दोन वर्षे दूर जावे लागणार होते, तर कृष्णवर्णीय मुलाला त्यातील बहुतेक वर्षे. श्वेतवर्णीय मुले संख्येने जास्त असल्याने अक्षरांचा हिशेब तसा बसत होता, हे खरे. पण पहाटे अंधारात थांब्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या स्पष्टीकरणाला अर्थ नव्हता. पटावरची टक्केवारी समान करताना अंतराचा भार असमान वाटला गेला, आणि ती तक्रार पुढे कधीच पूर्ण मिटली नाही.

त्यामुळेच न्यायालयीन देखरेख संपवणारा दावा कृष्णवर्णीय पालकांनी आणला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. सेंट्रल हायस्कूल ही लुईव्हिलमधील ऐतिहासिक कृष्णवर्णीय शाळा. मुहम्मद अली तेथूनच शिकून बाहेर पडले. १९९० च्या दशकात ती मॅग्नेट शाळा होती आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची ५० टक्क्यांची कमाल मर्यादा तिलाही लागू होती. परिणामी शाळेत बाके रिकामी असताना कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नाकारला जाई, कारण पुरेशी इतर मुले अर्जच करत नसत. एकीकरणासाठी घातलेली मर्यादा ज्या समाजासाठी घातली त्याच्याच मुलांना त्याच्याच शाळेच्या दारात अडवू लागली. २००० मध्ये न्यायाधीश जॉन हेबर्न यांनी १९७५ चा आदेश संपुष्टात आणला आणि मॅग्नेट शाळांतील ही मर्यादा हटवली. उरलेल्या शाळांसाठी मंडळाने २००१ मध्ये तीच १५ ते ५० टक्क्यांची चौकट स्वतःहून कायम ठेवली. वर्षानुवर्षे खपून उभे केलेले एकत्र शिक्षण आदेशाबरोबर विरून जाऊ नये, असे मंडळाला वाटत होते. मला हा हेतू प्रामाणिक वाटतो.

हेतूच्या पलीकडे जाऊन न्यायालयाने अंमलबजावणी पाहिली. पाच विरुद्ध चार मतांनी योजना घटनाबाह्य ठरली. मुख्य मत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे होते. लुईव्हिलच्या योजनेत मुलांची नोंद ‘कृष्णवर्णीय’ आणि ‘इतर’ अशा दोनच रकान्यांत होत असे, आणि विविधता हे उद्दिष्ट असेल तर हे दोन रकाने त्याला पुरत नाहीत, हा त्यातील एक आक्षेप. तो मला बिनतोड वाटतो. लॅटिन अमेरिकेतून, आशियातून आलेली कुटुंबे वाढत असताना त्यांची मुले आणि जुन्या श्वेतवर्णीय वस्तीतील मुले एकाच ‘इतर’मध्ये मोजली जात होती. पटावर जो रकानाच नाही, त्यातील मुलाची गरज कोणाच्या नजरेस येत नाही. वांशिक मर्यादांमुळे केवळ ३ टक्के नेमणुका बदलतात, असा बचाव मंडळाने केला होता. न्यायालयाने तो उलटवला: परिणाम इतका अल्प असेल, तर मुलांचे वंशानुसार वर्गीकरण करण्याची गरजच काय? वर सांगितलेला बेरजेचा युक्तिवाद येथे पुढे यायला हवा होता. अर्ज नाकारला जाणार हे ठाऊक असल्याने किती पालकांनी तो केलाच नाही, हे ३ टक्क्यांच्या आकड्यात कोठेही दिसत नाही.

निर्णायक पाचवे मत न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचे होते आणि शाळा प्रशासनात काम करणाऱ्याने वाचावे असे सर्वाधिक त्यातच आहे. ते निकालाशी सहमत झाले, पण सरन्यायाधीशांचे सगळे विवेचन त्यांनी स्वीकारले नाही. वंशानुसार विभागल्या गेलेल्या शाळा टाळणे हे राज्यसंस्थेचे रास्त उद्दिष्ट असू शकते, असे त्यांनी मान्य केले. मग त्यांनी मंडळाला साधे कारभारविषयक प्रश्न विचारले: हे निर्णय नेमके कोण घेतो? त्यावर देखरेख कोणाची असते? वंशाचा विचार कोणत्या परिस्थितीत होतो आणि कोणत्या परिस्थितीत होत नाही? सारख्याच स्थितीतील दोन मुलांपैकी कोणाला नकार द्यायचा, हे कशावरून ठरते? मंडळाला यांची सुस्पष्ट उत्तरे देता आली नाहीत. वांशिक मर्यादा किंडरगार्टनला लागू नाहीत असे मंडळाचे स्वतःचेच म्हणणे होते, आणि या मुलाला नकार मात्र किंडरगार्टनसाठीच, त्याच मर्यादांच्या आधारे दिला गेला होता. इतक्या दीर्घ इतिहासाचे ओझे वाहणारी योजना स्वतःच्याच नियमाच्या विसंगतीवर अडखळली. प्रवेशाचा नियम कितीही उदात्त असला, तरी खिडकीवर बसलेला माणूस तो एका अर्जाला कसा लावतो, याची लेखी कार्यपद्धती नसेल तर तो नियम टिकत नाही.

केनेडी यांनी मंडळांसाठी खुले राहणारे मार्गही नोंदवले. नव्या शाळेसाठी जागा विचारपूर्वक निवडणे, वस्त्यांची सामाजिक रचना लक्षात घेऊन हद्दी आखणे, खास उपक्रमांना निधी देणे, विद्यार्थी व शिक्षक यांना ठरवून आकर्षित करणे आणि पटसंख्या व गुणवत्तेची वंशनिहाय आकडेवारी ठेवणे, हे सारे वैध राहील, असे त्यांचे मत होते. आकडेवारी ठेवण्याला आक्षेप नव्हता. त्या आकडेवारीवरून एकेका मुलाला अडवण्याला होता. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी भिन्नमतात लुईव्हिलचा पूर्ण इतिहास मांडला आणि स्थानिक मंडळांनी कष्टाने शोधलेले मार्ग बंद होत असल्याचे बजावले. बेरजेची बाजू न्यायालयात सर्वांत समर्थपणे मांडली गेली ती तेथे.

मंडळाने एकीकरण सोडून दिले नाही. २००८ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत मुलाच्या वंशाऐवजी त्याच्या वस्तीचे उत्पन्न, प्रौढांचे शिक्षण आणि अल्पसंख्याकांचे प्रमाण हे निकष आले. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील मुलांचा वाटा प्रत्येक शाळेत १५ ते ५० टक्के ठेवायचा होता. म्हणजे आकडे तेच राहिले, मोजमाप मुलाकडून वस्तीकडे सरकले. पुढे वस्त्यांची वर्गवारी अधिक बारीक करण्यात आली आणि प्राथमिक शाळांचे गट लहान केले गेले, जेणेकरून लहान मुलांचा प्रवास कमी व्हावा. घराजवळची शाळा हा पालकांचा हक्क आहे, असा दावाही दरम्यान झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला.

प्रवासाचा प्रश्न मात्र आहे तेथेच राहिला. पश्चिम भागातील अनेक मुलांना वर्षानुवर्षे दूर जावे लागत होते, तर पूर्वेकडील मुलांना जवळची शाळा मिळणे त्या मानाने सोपे होते. जून २०२२ मध्ये मंडळाने एकमताने नवी योजना मंजूर केली. पश्चिम भागातील विद्यार्थ्यांना जवळची किंवा दूरची शाळा निवडण्याचा अधिकार आणि तेथील शाळांना अधिक निधी, ही तिची मुख्य अंगे होती. यामुळे पश्चिमेकडील शाळांचा पट अधिक एकजिनसी होईल, असा इशारा देणारे होते, आणि तो अनाठायी नाही. तरीही अर्धशतक ज्यांच्या मुलांनी अंतर कापले, त्या पालकांना निवडीचा अधिकार मिळणे हे न्याय्य होते, असे मला वाटते.

योजना लागू झाली त्याच वर्षी वाहतूक कोलमडली. चालकांच्या तुटवड्यामुळे मंडळाने संगणकीय प्रणालीच्या मदतीने मार्ग कमी केले आणि शाळांच्या वेळा बदलल्या. ९ ऑगस्ट २०२३ रोजी, शाळेच्या पहिल्याच दिवशी, काही मुले रात्री दहाच्या सुमारास घरी पोहोचली. त्यानंतर एक आठवड्याहून अधिक काळ शाळा बंद ठेवाव्या लागल्या. एप्रिल २०२४ मध्ये मंडळाने पुढील शैक्षणिक वर्षापासून मॅग्नेट शाळा आणि शिस्तीवर भर देणाऱ्या ‘पारंपरिक’ पद्धतीच्या शाळा यांच्यासाठीची बससेवा थांबवण्याचा निर्णय घेतला. या शाळा केवळ पत्त्यावरून नेमून दिल्या जात नसत, त्यामुळे वेगवेगळ्या वस्त्यांतील मुले तेथे एकत्र येत. ज्या घरात गाडी नाही, किंवा जेथे दोन्ही पालक सकाळच्या पाळीला जातात, त्या घरासाठी अशी शाळा निवडणे तेव्हा जवळपास अशक्य झाले. वंशाचा एकही रकाना न वापरता, कोणालाही लेखी नकार न देता, केवळ बस थांबवून पटाची रचना बदलू शकते. असा बदल पटावर उशिरा आणि अर्धवट दिसतो. शाळा सोडून गेलेल्या मुलाची दाखल्यामुळे नोंद राहते. अर्जच न केलेल्या मुलाची कोठेही राहत नाही. ती नोंद हवी असेल, तर मंडळाला वस्तीनिहाय अर्जांची संख्या दरवर्षी आधीच्या वर्षाशी ताडून पाहावी लागेल आणि प्रत्येक वस्तीतून शाळेपर्यंतचा प्रत्यक्ष प्रवासाचा वेळ त्याच तक्त्यात मांडावा लागेल.